वर्गणीवर उभा राहिलेला देश : व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या काळातला वेल्स

खडीसाखर | मंगळवार, रात्री १०.४२

परवा दुसऱ्या एका धाग्यावर लॉइड जॉर्जवरून (वेल्श पुढारी, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान) गाडी भरकटली आणि कुणीतरी लिहिलं, "वेल्स म्हणजे इंग्लंडचाच एक जिल्हा हो." तिथे वाद वाढवण्यापेक्षा इथे वेगळं लिहिते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं बँगोरला होते, उत्तर वेल्समध्ये. तिथून जवळच बेथेस्डा नावाचं गाव आहे. नाव बायबलमधलं. आधी त्या नावाचं चॅपल बांधलं गेलं, भोवती खाणकामगारांची घरं झाली आणि चॅपलचंच नाव गावाला पडलं. आपल्याकडे देवळावरून वाडीचं नाव पडतं तसंच. दुसरी गंमत म्हणजे हाय स्ट्रीटवरचे सगळे पब एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूची जमीन पेनरिन इस्टेटची होती आणि लॉर्डसाहेबांना आपल्या जमिनीवर गुत्ता नको होता! गावावर दोन सत्ता होत्या, चॅपल आणि इस्टेट, हे तिथे नुसतं चालत गेलं तरी कळतं.

१८६०-७० च्या वेल्समध्ये पार्लमेंट नाही, राजधानी नाही (कार्डिफला तो मान १९५५ मध्ये मिळाला), विद्यापीठ नाही. जमीनदार इंग्रजी बोलणारा, अँग्लिकन चर्चमध्ये जाणारा, टोरी म्हणजे हुजूरपक्षाचा. कूळ वेल्श बोलणारं, चॅपलमध्ये जाणारं, लिबरल. १८६८ च्या निवडणुकीत चॅपलवाले लिबरल हेन्री रिचर्ड दक्षिणेतल्या मर्थरमधून निवडून आले आणि कुळांना कंठ फुटला. मतदान तेव्हा उघड, हात वर करून आणि नाव सांगून. ज्यांनी जमीनदाराच्या माणसाविरुद्ध मत दिलं, त्यांतल्या कितीतरी जणांना शेतावरून हाकललं. १८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्यामागे जी कारणं होती, त्यांत या कुळांचे हाल हेही एक होतं.

आता वर्गणीची गोष्ट. अ‍ॅबरिस्टविथला समुद्रकाठी एका रेल्वे कंत्राटदाराने टोलेजंग हॉटेल बांधायला काढलं. ८० हजार पौंड ओतले आणि १८६६ मध्ये दिवाळं निघालं. ती अर्धवट इमारत विद्यापीठ काढू पाहणाऱ्या मंडळींनी १० हजारांत उचलली. १८७२ मध्ये २६ विद्यार्थ्यांवर कॉलेज सुरू झालं. सरकारी मदत शून्य. ह्यू ओवेन नावाचे गृहस्थ लंडनमधली सरकारी नोकरी सोडून गावोगाव झोळी घेऊन फिरत होते. १८७५ मध्ये चॅपलांनी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार 'विद्यापीठ रविवार' ठरवला आणि त्या दिवशीची पेटी कॉलेजला गेली. शेतमजुराची पेनी, मोलकरणीची पेनी.

बँगोरचं कॉलेज १८८४ चं. त्यासाठी पाटीच्या दगडाच्या खाणीतले कामगार आठवड्याच्या पगारातून पैसे देत. आणि कॉलेज भरलं कुठे? पेनरिन आर्म्स नावाच्या जुन्या सराईत. जागेचे मालक लॉर्ड पेनरिन, म्हणजे याच कामगारांच्या खाणीचे मालक. पोरांच्या शिक्षणाला वर्गणी द्यायची कामगारांनी, आणि छत मालकाचं!

सध्या इतकंच. दशांश कराची भांडणं, शाळा, संप... कुणाला रस असेल तर बोलू.

ठोंब्या | मंगळवार, रात्री ११.०५

मस्त. पण चॅपल म्हणजे चर्चच ना? इतकं भांडायला काय झालं?

खडीसाखर | बुधवार, सकाळी ७.२०

ठोंब्या, हा प्रश्न बेथेस्डात विचारू नका, चहा मिळायचा नाही. :)

चर्च म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन चर्च. चॅपल म्हणजे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट वगैरे. पुजारी लोकांनी निवडलेला, इमारत लोकांनी कर्ज काढून बांधलेली. आत व्यासपीठाखाली 'सेट वावर' म्हणजे मोठं बाकडं असतं. त्यावर गावातले पंच बसणार. तो पंच खाणीत दगड फोडणारा असला तरी रविवारी किराणावाल्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. भाषण करणं, हिशेब ठेवणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, मतदान घेणं हे सगळं लोक तिथे शिकले. रविवारच्या शाळेत नुसती पोरं नसत, म्हातारेकोतारेसुद्धा बायबल उघडून अर्थावर हुज्जत घालत.

त्यामुळे १८८९ मध्ये पहिल्यांदा काउंटी कौन्सिलच्या निवडणुका झाल्या तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जिल्हा चालवणारे जमीनदार एका फटक्यात बाजूला झाले. एकट्या ब्रेकनशरचा अपवाद सोडला तर सगळीकडे लिबरल. माणसं तयारच होती, खुर्ची तेवढी नव्हती.

वाटसरू_७ | बुधवार, दुपारी १.१५

दशांशाबद्दल मी थोडं लिहितो, शेतीचा इतिहास हा माझा आवडीचा विषय.

टाइद म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. १८३६ पासून तो धान्याऐवजी रोख रकमेत घेत. म्हणजे चॅपलला जाणारा शेतकरी आपल्या चॅपलला वर्गणी देणार आणि वर ज्या चर्चची पायरी चढत नाही त्यालाही पैसे मोजणार. चांगल्या दिवसांत लोक कुरकुरत भरायचे. १८८० नंतर परदेशी धान्य आणि मांस येऊन भाव पडले. शेतकरी म्हणाले, दहा टक्के सूट द्या. काही पाद्र्यांनी दिली, काहींनी नाही. मग १८८६ पासून डेन्बीशरमध्ये भडका उडाला.

जप्तीचा प्रकार असा : बेलीफ येणार, गोठ्यातली दोन गुरं निवडणार, ठरल्या दिवशी लिलावाला घेऊन जाणार. गावाने काय करावं? शिंगं फुंकायची, पत्र्याचे डबे वाजवायचे, गुरं उधळायची. लिलावदाराची बोली कुणाला ऐकूच येऊ नये! बोली लावायला शेजारचा कुणी पुढे येत नसे, ते तर उघडच होतं. १८८७ मध्ये मॉख्द्रे गावी पोलीस आणि लोक यांच्यात चांगलीच जुंपली, ऐंशीच्या वर माणसं जखमी. कधी घोडदळ आणावं लागलं. दोन गाईंच्या वसुलीसाठी घोडदळ.

या सगळ्यामागे डेन्बीचे टॉमस गी. स्वतः धर्मोपदेशक, छापखान्याचे मालक आणि 'बानर' या वेल्श वर्तमानपत्राचे संपादक. खेड्यातल्या एका लिलावाची बातमी चार दिवसांत सगळ्या वेल्सभर, तीही वेल्शमधून. शेवटी १८९१ च्या कायद्याने दशांश जमीनमालकाने भरायचा असं ठरलं. मालकाने तो खंडात चढवला, हे सांगायला नकोच.

खडीसाखर | बुधवार, दुपारी ३.४०

वाटसरू, क्या बात! याच सुमारास लॉइड जॉर्जचा खटला गाजला, आणि तो मला त्याच्या नंतरच्या सगळ्या भाषणांपेक्षा आवडतो. लानव्रॉथेन गावचा रॉबर्ट रॉबर्ट्स नावाचा म्हातारा खाणकामगार १८८८ मध्ये वारला. मुलीच्या शेजारी पुरा, ही शेवटची इच्छा. १८८० च्या कायद्याने चर्चच्या आवारातही चॅपलच्या पद्धतीने अंत्यविधी करता येत होता. पण पाद्री अडून बसला. जमिनीच्या त्या तुकड्यावर फक्त अँग्लिकन विधीच होतील, अशी अट कागदात आहे म्हणाला. आणि दुसरी जागा दाखवली ती कोपऱ्यातली, बेवारशी आणि आत्महत्या केलेल्यांची.

घरचे २५ वर्षांच्या वकिलाकडे गेले. त्याने कागद पाहिले. जमीन तिच्या मूळच्या मालकीणबाईंनी गावाला दिली १८६४ मध्ये, आणि अटीचा कागद पाद्र्याने करून घेतला १८८१ मध्ये. मधली सतरा वर्षं जमीन गावाच्या वहिवाटीत. म्हणजे अट घालायला जमीन बाईंच्या हातात राहिलीच नव्हती. वकील म्हणाला, फाटक बंद असेल तर फोडा. त्यांनी फोडलं आणि बापाला मुलीशेजारी पुरलं. खालच्या कोर्टात ज्यूरीचा कौल बाजूने असून न्यायाधीशाने निकाल विरुद्ध दिला. लंडनमध्ये अपील, आणि डिसेंबर १८८८ मध्ये जिंकले. सव्वा वर्षाने, एप्रिल १८९० मध्ये, तोच वकील पोटनिवडणुकीला उभा राहिला आणि १८ मतांनी पार्लमेंटमध्ये गेला. विरुद्ध कोण? त्याच्याच गावचा जमीनदार.

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ९.१२

'वेल्श नॉट'बद्दल कुणी कसं लिहिलं नाही? वर्गात वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी, तीवर 'डब्ल्यू एन' कोरलेलं. दुसरं कुणी बोलताना सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे असेल त्याला छड्या. मी सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात पाहिली आहे. तळहाताएवढी.

आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता, आणि वर्गाची मॉनिटर वहीत नाव लिहायची. पट्टी बघताना मला ती वही आठवली, आणि मॉनिटरचा चेहरा. इंग्रजांनी जगभर हेच केलं.

खडीसाखर | बुधवार, रात्री १०.०२

पाटीपेन्सिल, तुमची वही वाचून वाईट वाटलं. पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. वेल्श नॉट कुठल्या कायद्यात नव्हती. लंडनहून फर्मान आलं नव्हतं. ती वापरणारे मास्तर बहुतेक स्वतःच वेल्श, आणि कित्येक आईबापांना ते मान्य होतं, कारण पोराला इंग्रजी आलं की तो लिव्हरपूलला दुकानात लागेल. तुमच्या शाळेची फी कोण भरत होतं?

सरकारचा हात वेगळ्या जागी होता. १८४७ मध्ये तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी वेल्समधल्या शाळांची पाहणी केली. वेल्श कळत नसताना. अहवालात शाळांबरोबर लोकांची नीतिमत्ताही काढली : भाषेमुळे मागास, चॅपलच्या रात्रीच्या सभांमुळे पोरी बिघडतात वगैरे. निळ्या पुठ्ठ्यातला तो अहवाल 'निळ्या पुस्तकांचा दगा' म्हणून आजही ओळखला जातो. पुढे १८६२ पासून परीक्षेच्या निकालावर शाळेला अनुदान, आणि वेल्शला त्यात गुण नाहीत. मग मास्तर काय शिकवणार?

मला वाटतं पुढची पन्नास वर्षं वेल्श मध्यमवर्ग या अहवालाला उत्तरच देत होता. "आम्ही घाणेरडे नाही" हे सिद्ध करायला दारू सोडली, नाच सोडला, पोरींच्या वागण्यावर पहारे बसवले. अपमान करणाऱ्याने दाखवलेल्या आरशातच बघत बसले.

सूरपारंबी | गुरुवार, सकाळी ८.३०

नाच सोडला पण गाणं सोडलं नाही! माझा विषय आला, आता थांबवू नका.

खाणीत पियानो नाही, स्टाफ नोटेशन वाचायला शिकवणारं कुणी नाही. मग कोळशाच्या खाणीतली माणसं हॅंडेलचे लांबलचक कोरस गात कशी होती? उत्तर : टॉनिक सोल्फा. पाच रेघा आणि टिंबं यांच्याऐवजी सरळ अक्षरं. डो, रे, मी यांची आद्याक्षरं, मधे विरामचिन्हांनी मात्रा दाखवायच्या. आणि 'डो' स्थिर नाही, सरकता. आपला षड्ज जसा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे काळी दोन किंवा पांढरी चार, तसाच. सारेगम लिहून घेणाऱ्या आपल्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते पान पाच मिनिटांत कळेल. रविवारच्या शाळेत भिंतीवर सुरांचा तक्ता टांगायचे आणि छडीने दाखवत गाऊन घ्यायचे.

१८७२ आणि १८७३ अशी दोन वर्षं दक्षिण वेल्सचा साडेचारशेच्या आसपास आवाजांचा वृंद लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्धेला गेला आणि जिंकून आला. संचालक ग्रिफिथ ऱ्हीस जोन्स, टोपणनाव कॅराडॉग. धंद्याने लोहार. पहिल्या वर्षी समोर स्पर्धकच नव्हता, हेही सांगायला हवं. दुसऱ्या वर्षी लंडनच्या वृंदाला हरवलं. अ‍ॅबरडेअरच्या चौकात त्याचा पुतळा आहे, हातात दांडी उगारलेला.

निळाकोट | गुरुवार, संध्याकाळी ६.४८

कार्डिफमध्ये बारा वर्षं राहणारा माणूस म्हणून थोडं विरजण घालतो. खडीसाखरताई, तुमचा वेल्स उत्तरेचा आहे. दगड, पाऊस, चॅपल. निम्म्याहून जास्त माणसं दक्षिणेत होती हो.

ऱ्होंडा खोऱ्यात १८५१ मध्ये हजार माणसंही नव्हती. १९०१ मध्ये १ लाख १३ हजार. कशामुळे? स्टीमरचा कोळसा. धूर कमी, उष्णता जास्त, आरमारांचा लाडका. हाच कोळसा एडनला आणि आपल्या मुंबईला उतरायचा. खाणीत आधी वेल्श खेड्यांतले लोक आले, मग सॉमरसेट, ग्लॉस्टरशर, आयर्लंड. १८९१ च्या जनगणनेत पहिल्यांदा भाषा विचारली तेव्हा वेल्श येणारे ५४ टक्के भरले. दहा वर्षांनी ५०. चॅपलवाल्यांचा 'एक देश, एक भाषा, एक धर्म' दक्षिणेत डोळ्यांदेखत पातळ होत होता.

१८८१ चा रविवारच्या दारूबंदीचा कायदा घ्या. फक्त वेल्ससाठी वेगळा कायदा, शतकानुशतकांत पहिल्यांदा. चॅपलवाल्यांचा केवढा विजय! पण कायद्यात पळवाट : तीन मैलांवरून आलेल्या 'खऱ्या प्रवाशाला' पाजायला हरकत नाही. मग रविवारी अख्खं गाव प्रवासाला निघायचं, हे शेजारच्या गावात आणि ते या गावात. कार्डिफच्या ग्रेंजटाउनमध्ये तर लोकांनी मातीच्या खाणीत उघड्यावर पिंपं मांडून बैठक जमवली आणि तिला नाव दिलं 'हॉटेल द मार्ल'. मार्ल म्हणजे ती विटांची माती. आणि खाजगी क्लब? पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले.

शेवटचा घाव न्यूपोर्टचा. 'कम्री वीद' (होऊ घातलेला वेल्स) नावाची चळवळ लॉइड जॉर्ज आणि मंडळींनी चालवली होती, स्वराज्याची. जानेवारी १८९६ मध्ये न्यूपोर्टला दक्षिणेच्या लिबरलांची सभा होती. त्याला बोलूच दिलं नाही. कार्डिफच्या एका पुढाऱ्याने स्पष्ट सांगितलं की स्वान्सीपासून न्यूपोर्टपर्यंतचे आम्ही बंदरवाले वेल्श कल्पनांच्या वर्चस्वाखाली राहणार नाही. चळवळ संपली.

खडीसाखर | गुरुवार, रात्री ८.१५

निळाकोट, मान्य. अगदी मान्य. माझा चष्मा बँगोरचा आहे. पण मॅबनचं काय कराल? विल्यम अब्राहम, ऱ्होंडाचा पहिला कामगार खासदार, १८८५ चा. सभेत आरडाओरडा सुरू झाला की हा धिप्पाड माणूस वेल्शमधून भजन सुरू करायचा, सगळे उभे राहून गायचे आणि भांडण विसरायचे. तुमच्या दक्षिणेतही चॅपल होतंच.

निळाकोट | गुरुवार, रात्री ८.४०

होतं, आणि म्हणूनच कामगार मार खात होते! मॅबन गात राहिला आणि मजुरी 'सरकत्या पट्टी'वर. कोळशाचा भाव पडला की मजुरीही आपोआप पडणार, तक्रारीला जागाच नाही. १८९८ मध्ये मालकांनी सहा महिने खाणींना टाळं लावलं, माणसं उपाशी परतली. दर महिन्याचा पहिला सोमवार सुट्टीचा असे, त्याला 'मॅबनचा दिवस'च म्हणत, तीही गेली. त्या पराभवातून त्याच वर्षी दक्षिण वेल्सचं खाणकामगार फेडरेशन उभं राहिलं. दोन वर्षांनी मर्थरहून केअर हार्डी निवडून आला, स्कॉटिश समाजवादी. हेन्री रिचर्डचीच जागा. हाच हार्डी १९०७ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला.

आवडाबाई | शुक्रवार, सकाळी ११.३०

दोन दिवस वाचतेय. सगळे बुवाच. बायका फक्त पेनी टाकायला का?

आणि चॅपलच्या कौतुकात एक राहिलं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला भर सभेत उभं करून सभासदत्वातून काढायचे. वाळीतच की. मुलगा चॅपलमधलाच असला तरी बरेचदा तिचं एकटीचं नाव.

खडीसाखर | शुक्रवार, दुपारी १२.१०

आवडाबाई, बरोबर पकडलंत. सेट वावरवर बाई बसलेली नाही.

पण एक बाई सांगते. सेरा जेन रीस, टोपणनाव क्रानोग्वेन. कार्डिगनच्या किनाऱ्यावरच्या जहाजकप्तानाची मुलगी. शिवणकामाला घातलं, पळून आली, बापाच्या जहाजावर खलाशी म्हणून गेली, कप्तानाचं प्रमाणपत्र मिळवलं आणि गावात शाळा काढून दर्यावर्दी पुरुषांना नौकानयन शिकवलं. १८६५ च्या आयस्टेथवॉडमध्ये, म्हणजे वेल्श साहित्यसंगीताच्या जत्रेत, तिची कविता पहिली आली. हरलेल्यांत त्या काळचे दोन नावाजलेले कवी होते. विषय लग्नाची अंगठी! स्वतः लग्न केलं नाही. १८७९ पासून दहाएक वर्षं 'फ्रिथोनेस' हे बायकांचं मासिक चालवलं. चॅपलच्या व्यासपीठावर उभी राहून भाषणं दिली. काही ठिकाणी तिला व्यासपीठ नाकारलं, तर खाली उभी राहून बोलली.

आणि १८९३ मध्ये वेल्स विद्यापीठाची सनद आली तेव्हा पदव्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने. ऑक्सफर्डला त्यासाठी १९२० उजाडलं.

ठोंब्या | शुक्रवार, रात्री ९.००

संपाचं राहिलं. पहिल्या पोस्टीत लिहिलं होतंत.

खडीसाखर | शनिवार, दुपारी ४.५५

ठोंब्या, लिहिते. पुढे ढकलत होते.

पेनरिनच्या खाणीत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. प्रत्येक टोळीला कड्याचा काही यार्डांचा तुकडा महिन्याच्या बोलीवर मिळायचा. त्याला ते 'बार्गेन' म्हणत, आपला मक्ताच. दगड चांगला लागला तर महिना बरा, नाहीतर बोंब. भाव मुकादम ठरवणार. म्हणजे मुकादमाची मर्जी हाच पगार. पण माणूस स्वतःला मजूर समजायचा नाही, मक्तेदार समजायचा. जेवणाच्या सुट्टीत दगडी खोपटात, 'कबान'मध्ये, डबा खाताना अध्यक्ष निवडून चर्चा : पार्लमेंट, दशांश, प्रवचन, कविता. फाडलेल्या पाट्यांच्या मापांना नावं काय, तर डचेस, काउंटेस, लेडी. दिवसभर डचेस फोडायच्या!

मालकाची मूळ दौलत जमैकातल्या उसाच्या मळ्यांची, गुलामांच्या घामाची. आधीचा मोठा संघर्ष १८९६-९७ चा, अकरा महिने. मग १९०० मध्ये खाणीच्या आवारात युनियनची वर्गणी गोळा करायला बंदी झाली. बघा, पुन्हा वर्गणीच. नोव्हेंबरमध्ये ८०० माणसांना बार्गेनच दिलं नाही. २२ तारखेला बाकीचेही हत्यारं खाली ठेवून निघाले. एकूण २,८०० च्या आसपास. तीन वर्षं.

जून १९०१ मध्ये चारशेएक जण परत गेले. मालकाने प्रत्येकाच्या हातावर एकेक सोन्याचं नाणं ठेवलं. त्यानंतर बेथेस्डाच्या खिडक्यांत छापील कार्डं लागली : 'निद ओइस ब्रादुर अन् अ टी हुन'. या घरात गद्दार नाही. ज्या खिडकीत कार्ड नाही, ते घर कळलंच. ज्या घरातून कार्ड गेलं त्या घराचं तर काय! एका बाकावर बसणारे दोन भाऊ वेगळ्या चॅपलला जायला लागले. गावाचे वृंद इंग्लंडभर गात फिरले, पैसे पाठवत राहिले. तरुण तुमच्या दक्षिणेत, निळाकोट, कोळशाच्या खाणीत गेले. १९०३ च्या नोव्हेंबरात संप मोडला. ज्यांना घेतलं त्यांनाच घेतलं.

शेजारच्या ट्रेगार्थ गावात परत गेलेल्यांसाठी इस्टेटने घरं बांधली. त्या रस्त्याला लोक 'शेपटीची गल्ली' म्हणत. शेपूट म्हणजे मालकाच्या मागे हलणारी. माझ्या शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे. एकदा बसमध्ये मी सहज म्हटलं, ट्रेगार्थला छान घर भाड्याने आहे म्हणे. त्या म्हणाल्या, "घरं चांगलीच आहेत तिथली." आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बँगोर येईपर्यंत बोलल्या नाहीत.

पाटीपेन्सिल | शनिवार, संध्याकाळी ५.३०

बापरे. 'वाळीत' हा शब्द आवडाबाईंनी चॅपलसाठी वापरला होता. तोच इथेही.

ठोंब्या | शनिवार, संध्याकाळी ६.१०

ब्रादुर म्हणजे गद्दार? मी आपला बहादूर वाचत होतो. :(

खडीसाखर | शनिवार, संध्याकाळी ६.२५

हो, आणि तो शेवटचा 'र' चांगला कडकडीत वाजवायचा, ठोंब्या. 'लानव्रॉथेन'मधला पहिला 'ल' मात्र मला तीन वर्षांत जमला नाही. जीभ 'ल'ला लावून बाजूंनी नुसती हवा सोडायची असते. आजींना मी एकदा 'बाळ' म्हणायला लावलं होतं, त्यांना तेही जमलं नाही. फिटंफाट.